मोजे घालावयास शिकविणारा शिक्षक
(संस्थेच्या वार्षिक क्रीडा व पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)





आज बक्षिसांचा दिवस आहे. टेबलावर पेले आणि ढाली मांडून ठेवल्या आहेत आणि पुढच्या रांगेतील मुलांचे लक्ष माझ्याकडे नसून तिकडे आहे, हे मला इथून स्पष्ट दिसते. त्यात त्यांचा काही दोष नाही. मुख्याध्यापकसाहेबांनी मला खेळ आणि शिक्षण या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. मी काही क्रीडाशिक्षक नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकवितो. म्हणून उपदेश करण्यापेक्षा एका शिक्षकाची हकीकत आपल्यापुढे ठेवावी असे मी ठरविले.

तत्पूर्वी एक कबुली द्यावयाची आहे. गेल्या वर्षी सहामाहीचे निकाल लागल्यावर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. हातात प्रगतिपुस्तक होते. म्हणाले, "सर, तुम्हीच याला काहीतरी सांगा. शेजारच्या मुलाला ८१ टक्के मिळाले आणि आमच्या या साहेबांना ५८. मी लोकांना तोंड कसे दाखवू?" मुलगा आपल्या चपलांकडे पाहत उभा होता. त्याला आधीच्या परीक्षेत ४९ टक्के होते, हे मला ठाऊक होते. तेवढे एक वाक्य मी बोललो असतो तरी पुरे झाले असते. मी ते बोललो नाही. उलट बापाच्या सुरात सूर मिसळून मीही त्याला चार शब्द सुनावले. ती गोष्ट पुढे कित्येक दिवस माझ्या मनाला टोचत राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी जॉन वुडन या अमेरिकन बास्केटबॉल प्रशिक्षकाविषयी माझ्या वाचनात आले. १९३०-४० च्या दशकात हे गृहस्थ इंडियाना राज्यातील साऊथ बेंड गावी एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवीत. त्यांच्याकडेही पालक नेमकी हीच तक्रार घेऊन येत. शेजाऱ्याच्या मुलाला मध्यम श्रेणी मिळाली तर 'ठीक आहे, सर्वसामान्य मुलगा आहे' असे लोक म्हणत. स्वतःच्या मुलाला तीच श्रेणी मिळाली की मुलगा तरी नापास किंवा शिक्षक तरी नापास! वुडन या तरुण शिक्षकाला हे पटेना. अल्लाने सर्वांना सारखी बुद्धी दिलेली नाही, सारखी उंचीही दिलेली नाही. मग सर्वांना एकाच मापाने कसे मोजावयाचे? १९३४ साली त्यांनी यशाची स्वतःची व्याख्या लिहून काढली. तिचा आशय असा की, आपल्याला जितके चांगले होता येईल तितके होण्यासाठी आपण कसूर केली नाही, हे मनोमन जाणल्यावर जे समाधान लाभते ते यश. या व्याख्येभोवती त्यांनी १५ गुणांचा एक मनोरा रचला. तो पुरा व्हायला १४ वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, हरणाऱ्यांचे समाधान करण्यासाठी ही व्याख्या ठीक आहे. म्हणून या माणसाने पुढे काय केले ते सांगतो. १९४८ ते १९७५ अशी २७ वर्षे वुडन लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यू.सी.एल.ए.च्या, बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. अमेरिकेतील महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्या संघाने शेवटच्या १२ वर्षांत १० वेळा जिंकले. त्यांपैकी सात अजिंक्यपदे १९६७ पासून १९७३ पर्यंत लागोपाठची होती. १९७१ ते १९७४ या काळात त्यांचा संघ सलग ८८ सामने हरला नाही. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी नेस्मिथ कीर्तिमंदिरात स्थान मिळविणारे ते पहिले गृहस्थ.

आणि असे असूनही त्यांचे खेळाडू सांगतात की, 'जिंकलेच पाहिजे' ही भाषा त्यांच्या तोंडी नव्हती.

आपल्याला बास्केटबॉल हा खेळ परका नाही. मुंबईच्या नागपाड्याने कितीतरी खेळाडू घडविले. भारताचे कर्णधारपद भूषविणारे आणि १९७० चे अर्जुन पारितोषिक मिळविणारे अब्बास मुन्तसिर हे त्याच नागपाड्याचे. मुळात हा खेळच एका शिक्षकाने शोधून काढला. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने, थंडीच्या दिवसांत मुलांना घरात खेळता यावे म्हणून, सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि खेळ सुरू झाला.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० चा. बालपण इंडियानातील एका लहानशा शेतावर गेले. घरात वीज नव्हती. आईने जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू शिवून दिला. वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गवताच्या माळ्यावर ठोकली. आपल्या गल्लीतील मुले याहून वेगळे काय करतात? पुढे वडिलांनी कर्ज काढून डुकरे पाळली. लस खराब निघाली, जनावरे मेली, त्यातच दुष्काळ पडला आणि शेत गेले. वडिलांनी लस विकणाऱ्याला दोष दिला नाही, नशिबाला बोल लावला नाही. गावात येऊन ते एका आरोग्यभवनाच्या स्नानगृहात नोकरी करू लागले. दुसऱ्यापेक्षा वरचढ होण्याच्या मागे लागू नकोस, पण स्वतः जितका चांगला होऊ शकशील तितका होण्याचे कधी सोडू नकोस, अशी त्यांची मुलाला शिकवण होती. वुडन यांच्या १९३४ च्या व्याख्येचे मूळ या शेतावर आहे.

पर्ड्यू विद्यापीठात त्यांना स्थापत्य अभियंता व्हावयाचे होते. त्यासाठी उन्हाळ्यात शिबिराला जावे लागे. आणि फीसाठी पैसे मिळवावयाचे तर उन्हाळ्यात काम करणे भाग होते. म्हणून त्यांनी इंग्रजी विषय घेतला. १९३२ साली ते पदवीधर झाले; त्या वर्षीचे देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू म्हणून पुढे त्यांची निवड झाली. त्याच वर्षी लग्नाच्या तोंडावर बँक बुडाली आणि साठविलेले सारे पैसे बुडाले. नेल नावाच्या मुलीशी त्यांनी तरीही ठरल्याप्रमाणे लग्न केले आणि केंटकीतील एका हायस्कूलमध्ये नोकरी धरली. विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या वर्षी या थोर प्रशिक्षकाचा संघ जितके सामने जिंकला त्याहून अधिक हरला!

आता त्यांच्या शिकविण्याकडे येतो, कारण माझ्या मते सारे मर्म तिथेच आहे. यू.सी.एल.ए.मध्ये देशभरातील निवडक खेळाडू येत. शाळेत ज्यांच्या नावाने टाळ्या पडल्या होत्या अशी ही मुले. सरावाच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षक कोणती जादू दाखविणार म्हणून ती कान टवकारून बसत. आणि वुडन सर खाली बसून मोजे कसे घालावयाचे ते दाखवीत! टाचेपाशी आणि करंगळीपाशी चुणी राहता कामा नये, ती हाताने सारखी करावी. बुटाची नाडी एकेका भोकापासून ओढून घट्ट बांधावी. मुले एकमेकांकडे पाहून हसत. पण त्यामागचे कारण साधे होते. चुणी राहिली की फोड येतो. फोड आला की सराव बुडतो. सराव बुडाला की सामन्याच्या वेळी पाय मागे पडतो. आमच्या भाषाविषयात ऱ्हस्व-दीर्घाचे जे स्थान आहे, गणितात पाढ्यांचे जे स्थान आहे, तेच त्यांच्याकडे मोज्याच्या चुणीला होते.

दोन तासांच्या सरावाची आखणी करण्यात ते जवळजवळ तितकाच वेळ खर्च करीत. कोणत्या मिनिटाला काय करावयाचे ते लहान कार्डांवर लिहिलेले असे. आधी समजावून सांगणे, मग करून दाखविणे, मग मुलांकडून करवून घेणे, चूक तिथल्या तिथे सुधारणे आणि अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करविणे, ही त्यांची रीत. बी.एड.ला आम्ही हे सर्व परीक्षेपुरते लिहितो. त्यांनी ते हयातभर केले. नियम मोजके होते. उशीर करावयाचा नाही, तोंडातून अपशब्द काढावयाचा नाही आणि आपल्या सोबत्याची निंदा करावयाची नाही. चेंडू कडीतून गेला तर ज्याने तो आपल्या हातात दिला त्याच्याकडे पाहून खूण करावयाची. एका मुलाने विचारले की, त्याचे लक्षच नसेल तर? वुडन म्हणाले, त्याचे लक्ष असतेच.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, १९७४-७५ साली, गॅलिमोर आणि थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद केली. अशा २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत निम्म्या नोंदी निव्वळ 'काय करावे, कसे करावे' अशा सूचनांच्या होत्या. शाबासकी शेकडा सातच्या आसपास आणि नाराजीही साधारण तितकीच. रागावण्यात किंवा वाहवा करण्यात त्यांचा फारसा वेळ जातच नव्हता. वेळ जात होता शिकविण्यात.

हे वाचून मला एक दुर्बुद्धी म्हणा की सद्बुद्धी म्हणा, सुचली. शेवटच्या बाकावरील एका चुणचुणीत मुलाला मी सांगितले की, आजच्या तासाला तू लिहू नकोस; सरांनी शिकविले, शाबासकी दिली आणि दरडावले, असे तीन रकाने कर आणि रेघा ओढ. तास संपल्यावर त्याने कागद आणून दिला. दरडावण्याचा रकाना भरून रेघा खालच्या ओळीत उतरल्या होत्या. शाबासकीच्या रकान्यात दोन रेघा होत्या, आणि त्यांतील एक, त्याने अदबीने सांगितले, 'सर, ही मलाच दिली होती, वही आणल्याबद्दल.' तो कागद मी आजही टेबलाच्या खणात ठेवला आहे.

वुडन यांच्या चारित्र्याविषयी दोन प्रसंग सांगतो. १९४७ साली ते इंडियाना राज्यातील शिक्षकांच्या एका महाविद्यालयात प्रशिक्षक होते. संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. कोणत्याही महाविद्यालयाला अभिमान वाटावा अशी गोष्ट. पण त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना मज्जाव होता आणि संघात क्लॅरेन्स वॉकर हा काळा मुलगा होता. तो काही मुख्य खेळाडू नव्हता. बहुधा राखीव म्हणून बाकावर बसणारा. त्याला घरी ठेवून जाणे सोपे होते. वुडन यांनी निमंत्रण परत केले. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर संघाबरोबर गेला. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला काळा खेळाडू ठरला. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हरला. पण माझ्या हिशेबी वुडन यांचे पहिले अजिंक्यपद १९६४ चे नसून १९४७ चे आहे, कारण त्या वर्षी ते स्पर्धेला गेले नाहीत.

दुसरा प्रसंग १९४८ चा. त्यांना खरे तर मिनेसोटा विद्यापीठात जावयाचे होते. तेथून ठरल्या वेळी फोन यावयाचा होता. हिमवादळामुळे तो आला नाही. तेवढ्यात यू.सी.एल.ए.चा फोन आला आणि त्यांनी होकार दिला. थोड्याच वेळात मिनेसोटाचा फोन लागला. मनासारखी जागा समोर आली होती. वुडन म्हणाले, मी शब्द दिला आहे. अशा रीतीने ते लॉस एंजेलिसला आले. तिथले व्यायामगृह जुने. एकाच वेळी कुस्तीगीर आणि कसरतपटू त्यात सराव करीत. वुडन स्वतः फडके घेऊन फरशी पुसावयास लागत. आणि पहिले अजिंक्यपद आले १६ वर्षांनी! वार्षिक पगार शेवटपर्यंत ३५ हजार डॉलरच्या वर गेला नाही.

त्यांच्या शिष्यांपैकी एक नाव आपल्या घरोघरी माहीत असावयास हवे. न्यूयॉर्कचा लू अल्सिंडर, सात फुटांहून उंच, १९६५ साली त्यांच्याकडे आला. मुख्य संघातून तो तीन वर्षे खेळला आणि तिन्ही वर्षे अजिंक्यपद मिळाले. चेंडू वरून कडीत कोंबण्यात त्याचा हात कोणी धरीत नसे. त्याच्या पहिल्या हंगामानंतर, १९६७ साली, महाविद्यालयीन खेळात चेंडू असा कोंबण्यावरच बंदी आली. मुलगा खट्टू झाला. वुडन यांनी त्याला समजाविले की, नियम सर्वांना सारखाच आहे. या निमित्ताने तुझा बाकीचा खेळ सुधारेल. झालेही तसेच. डोक्यावरून हात वळवून चेंडू टाकण्याची जी कला त्याने घोटली, तिच्या बळावर पुढे व्यावसायिक खेळात त्याने ३८,३८७ गुण केले. १९८४ साली त्याने आपल्या नावावर केलेला गुणांचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला.

याच मुलाने १९६८ साली, विद्यापीठात असतानाच, इस्लामचा स्वीकार केला आणि १९७१ पासून जग त्याला करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखू लागले. वुडन स्वतः रोज बायबल वाचणारे श्रद्धाळू ख्रिस्ती. एक गोरा, खेड्यातला, वयाने ३६ वर्षांनी मोठा. दुसरा काळा, महानगरातला, मुसलमान. पण शागिर्दाने वेगळा मार्ग धरला म्हणून उस्तादाचे मन आटले नाही आणि मोठे नाव झाले म्हणून शागीर्द उस्तादाला विसरला नाही. वुडन यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, २०१७ साली, करीम अब्दुल-जब्बार यांनी आपल्या पन्नास वर्षांच्या या मैत्रीवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. शिक्षकाला याहून मोठी ढाल कोणती मिळावयाची?

दुसरा शिष्य बिल वॉल्टन. देशातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव झालेले. सुट्टीनंतर तो केस-दाढी वाढवून सरावाला आला आणि केस ठेवणे हा माझा हक्क आहे, असे त्याने सांगितले. वुडन यांनी आवाज चढविला नाही. तुझ्या मताचा मला आदर वाटतो, मात्र आम्हाला तुझी आठवण येत राहील, एवढेच ते म्हणाले. वॉल्टन सायकलवर बसून तडक न्हाव्याकडे गेला. नावाजलेल्या मुलाला एक नियम आणि बाकावरच्या मुलाला दुसरा, असे त्यांच्याकडे नव्हते. पण एवढी शिस्त असूनही वॉल्टन पुढे वर्षानुवर्षे त्यांना फोन करीत असे.

थोर माणसाचे गुणगान करताना उणे झाकणे बरे नव्हे. वुडन बाकावर बसल्या बसल्या पंचांना टोमणे मारीत. ही सवय प्रतिस्पर्ध्यांना खटके. याहून गंभीर गोष्ट म्हणजे एक धनवान हितचिंतक त्यांच्या खेळाडूंना नियमबाह्य सवलती देत असे. वुडन निवृत्त झाल्यानंतर, १९८१ साली, अशाच प्रकारांवरून विद्यापीठावर कारवाई झाली. आपली नजर फार अरुंद राहिली असावी, असे वुडन यांनी पुढे कबूल केले. मोज्याची चुणी पाहणाऱ्या डोळ्यांना ही गोष्ट दिसली नाही! पालकहो, मुलाचे नाव झाले की त्याच्याभोवती अशी माणसे गोळा होतात. कोणी फुकट बूट देतो, कोणी पैसे देतो. तेव्हा शिक्षकांनी आणि घरच्यांनी डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

१९७५ च्या मार्चअखेर वुडन यांनी निवृत्ती जाहीर केली आणि दोन दिवसांनी त्यांच्या संघाने केंटकीला ९२-८५ असे हरवून दहावे अजिंक्यपद मिळविले. त्या रात्री एका चाहत्याने त्यांचे अभिनंदन केले आणि वर म्हटले की, गेल्या वर्षी तुम्ही आमची निराशा केलीत, त्याची आज भरपाई झाली! बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, आणि लोकांना आठवले ते हुकलेले वर्ष. लोकांच्या मापाने चालावयाचे तर एवढ्या मोठ्या माणसालाही पुरे पडत नाही. मग आपल्या ५८ टक्क्यांच्या मुलाला ते कसे पुरावे?

पत्नी नेल १९८५ च्या मार्चमध्ये २१ तारखेला वारल्या. त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला वुडन त्यांना पत्र लिहून त्यांच्या उशीवर ठेवीत. पुढे विद्यापीठाच्या क्रीडांगणाला नाव दिले गेले त्यात आधी नेल यांचे नाव आहे, मग जॉन यांचे. ४ जून २०१० रोजी, शंभरीला चार महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले.

माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचे काय झाले, असे आपण विचाराल. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या अब्बांसमोर दोन्ही परीक्षांचे कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणालो, "शेजारच्या मुलाचा कागद आपल्याकडे नाही, तो त्यांच्याकडे राहू द्या. हे दोन्ही कागद आपल्या मुलाचे आहेत. एवढेच पाहू या." अब्बा बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी आतल्या बाजूला हाक मारून चहा टाकावयास सांगितले. मुलगा दारात उभा होता, आणि त्या दिवशी तो चपलांकडे पाहत नव्हता.

आता बक्षिसे वाटली जातील. ज्यांची नावे पुकारली जातील त्यांचे अभिनंदन. परंतु इथे बसलेल्या बहुतेक मुलांचे नाव आज पुकारले जाणार नाही. पालकहो, घरी जाताना त्या मुलाला 'तुला का नाही मिळाले' असे विचारू नका. 'तू तुझ्याकडून काही कसर ठेवलीस का' एवढेच विचारा. तो 'नाही' म्हणाला आणि ते खरे असले, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. 'हो' म्हणाला, तर उद्या सकाळी त्याला शाळेत पाठवा. मोज्याच्या चुणीपासून पुन्हा सुरुवात करू.